खोल्या मोजणारा जावई

पाहुणे यायला अजून तासभर होता, आणि मकबूलेची जीभ सकाळपासून थांबली नव्हती.

"हाजेर, मी तुला शंभरदा सांगितलं असेल. ती बाई आली की तिच्या हातात चहा द्यायचा आणि सरळ विचारायचं, विहीणबाई, आमच्या पोरीला ठेवणार कुठं? हसत विचार. पण विचार."

"वन्सं, ते पान फाटलं बघा," हाजेर म्हणाली.

मकबूले ही हाजेरच्या नवऱ्याची, दुर्सुनची थोरली बहीण. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळण्यात तिचा हात धरणारं फ्रान्समधल्या त्या अख्ख्या तोर्सी गावात कुणी नव्हतं, आणि बोलण्यात तर नव्हतंच नव्हतं. फाटलेलं पान तिनं बाजूला टाकलं, दुसरं घेतलं आणि जिथं थांबली होती तिथूनच पुढं सुरू झाली. हाजेरला तिचा राग आला नाही. समोरचं माणूस खोटं बोलत असेल तर राग येतो. वन्सं खरं तेच बोलत होत्या, म्हणून तर ऐकवत नव्हतं.

गेल्या रविवारी सगळी मंडळी लोन्यला होणाऱ्या विहिणीकडे, रोहिमाकडे चहाला गेली होती. अंतर बसनं दोन थांब्यांचं, पण हाजेरला ते गाव कायम आपल्यापेक्षा एक पायरी वर असल्यासारखं वाटायचं. तिथं स्वतःची घरं होती, घरांना फाटकं होती. रोहिमा विधवा बाई. चाळीस वर्षं घरी बसून तयार कपड्यांच्या कारखान्यांची शिलाई केली आणि नवऱ्याच्या जोडीनं घर घेतलं. वर-खाली मिळून चार खोल्या, मागं हातभर बाग. मुलगी दातांची डॉक्टर होऊन मॉन्ट्रियलला गेलेली, मुलगा सरकारी कचेरीत आकडेवारीच्या खात्यात. तिनं मोठ्या हौसेनं घर दाखवलं. जिना चढून मुलाच्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाली, "लग्न झालं की ही रिकामी होईल. मग मी इथं माझं मशीन आणणार. उजेड चांगला येतो."

हाजेर तेव्हा हसली होती. घरी येताना बसमध्ये तिनं हिशेब मांडला. चार खोल्या, राहणारी मायलेक दोघंच, आणि सून यायच्या आधीच तिची खोली शिलाईच्या मशीनला दिलेली! याचा अर्थ न कळायला ती काही कालची नव्हती. त्या बाईला सून नको होती. निदान या घरातली नको होती.

मकबूलेनं त्याच रात्री निकाल दिला होता. "श्रीमंत माणसं. वर्तमानपत्रातसुद्धा छापून आलं होतं."

आलं होतं हे खरं. त्या छापून येण्यामागं रोहिमाचा मुलगा स्लैमानच होता, आणि त्या गोष्टीवरून या घरात आजवर जितके वाद झाले तितके जमिनीवरूनही झाले नसतील. तीन वर्षांपूर्वी हा पोरगा हातात कागद घेऊन दारात उभा राहिला होता. परदेशातून येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांची सरकारला पाहणी करायची होती. कोण किती कमावतं, किती खोल्यांत किती माणसं राहतात, मुलं काय शिकली. दुर्सुनला फ्रेंच बोलता येतं, पण सरकारी फ्रेंच आलं की तो बहिरा होतो. म्हणून मुलगी, त्युलिन, शेजारी बसून सांगत होती.

"स्वतःचं घर आहे?" पोरानं विचारलं.

"आहे," दुर्सुन म्हणाला. "तीन मजली. वर गच्ची. अंगणात अक्रोड."

"इथं, फ्रान्समध्ये?"

"फ्रान्समध्ये कशाला? तुर्कस्तानात, योझगातजवळ, माझ्या गावात. स्वतःच्या हातानं बांधलंय."

पोरानं मान खाली घालून ‘नाही’च्या चौकटीत खूण केली. दुर्सुननं ती पाहिली. तीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधलेला गवंडी, दर सुट्टीत गावी जाऊन एकेक मजला चढवलेला माणूस, आणि त्याच्या नावापुढं घर नाही! पुढं वर्षभरानं तो अहवाल वर्तमानपत्रात आला. कंबोडियातून आलेले वरच्या ओळीत, तुर्कस्तानातून आलेले खालच्या. दुर्सुननं तो अंक मासळी गुंडाळायला दिला. तोवर पोरगा चहाच्या निमित्तानं चार वेळा येऊन गेला होता आणि त्युलिन आरशासमोर जास्त वेळ उभी राहायला लागली होती. "खोल्या मोजायला आला आणि पोरगी मोजून गेला," हे मकबूलेचं वाक्य नातेवाइकांत म्हणीसारखं फिरलं.

धर्माची अडचण नव्हती. माणसं कंबोडियाची असली तरी मुसलमान होती, चाम म्हणतात त्यांना. तो प्रश्न इमामसाहेबांनी पहिल्याच भेटीत मिटवला होता. "सुलेमानच की," मकबूले म्हणाली होती, "कंबोडियानं पहिला उकार खाल्ला, एवढंच." मिटली नव्हती ती वरच्या आणि खालच्या ओळीची गोष्ट.

"आई, मी काय घालू?" त्युलिन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दवाखान्यात रात्रपाळी करून आलेली, तरी डोळ्यांत झोप नव्हती.

"हिरवा घाल. तुला खुलतो," हाजेर म्हणाली आणि पोरीकडे बघतच राहिली. ही जाणार. थोरला स्ट्रासबुर्गला बायकोच्या नोकरीमागं गेला तेव्हा ती रडली नव्हती, मुलगा काय, येतो जातो. पण मुलगी जाते ती जातेच. महिन्याभरापासून हाजेर तिच्या खोलीत एकेक खोकं भरत होती. चादरी, विणलेले रुमाल, काचेचे पेले कागदात गुंडाळून. खोकं चिकटपट्टीनं बंद करताना तिला दर वेळी वाटायचं, आपण हिचं बालपणच बंद करतोय. ते सारं कबूल होतं. फक्त जिथं जाईल तिथं कुणीतरी दार उघडून "ये गं बाई" म्हणावं, एवढीच तिची मागणी होती. आज ती मागणी पुरी होणार नसेल तर नवऱ्याला ती डोळ्यांनी ‘नाही’ सांगणार होती. तसं दुर्सुनशी बोलूनही झालं होतं.

दुर्सुन बाहेरच्या खोलीत टायची गाठ सोडवत होता, बांधत होता. त्याच्या ओठांवर एकच शब्द घोळत होता. मुलाकडच्यांनी मागणी घातली की मुलीच्या बापानं "दिली" म्हणायचं असतं. तो शब्द त्याला जमत नव्हता. कधी फार मोठा व्हायचा, कधी नुसतीच हवा.

पाहुणे आले ते वेळेवर. रोहिमा, तिचा थोरला भाऊ तेस, आणि मागं दोन्ही हातांत ताटं सांभाळणारा स्लैमान. ताटं जोडीजोडीनं होती. केळीच्या पानातला चिकट भात, नारळाच्या वड्या, संत्री. एकेरी काहीच नाही, सगळं दोन-दोन. मकबूलेनं दारातच मोजणी केली आणि हाजेरच्या कानात म्हणाली, "हात सैल आहे हो बाईचा!" म्हणजे आणखी एक गोष्ट आपल्यापेक्षा जास्त, असं हाजेरला ऐकू आलं.

रोहिमा बुटकी, नीटस बाई. डोक्याला फिकट रुमाल, बोटांच्या टोकांना सुयांच्या जुन्या खुणा. ती सोफ्याच्या कडेवर बसली, चहा घेतला, आणि तिचे डोळे फिरायला लागले. भिंती, छत, पॅसेज, पॅसेजमधली दारं. मग तिनं हात धुवायला जाते म्हणून सांगितलं आणि हाजेर वाट दाखवायला मागं जाईपर्यंत तिनं पहिलं दार उघडलंसुद्धा.

"ही?" तिनं विचारलं.

"आमची. माझी आणि यांची."

"आणि ही?"

"पाहुण्यांची. वन्सं राहतात आल्या की." खरं तर वन्सं आल्या की जातच नसत, पण ते कशाला सांगा.

तिसरं दार रोहिमानं हळूच ढकललं. त्युलिनची खोली. गादी गुंडाळून ठेवलेली, भिंतीला लावून खोक्यांची रास, कपाट सताड उघडं आणि रिकामं. रोहिमा उंबऱ्यात उभी राहिली. आत गेली नाही.

हाजेरच्या अंगाची लाही लाही झाली. घर बघायला आली आहे! तीन खोल्या, भाड्याच्या, भिंतीवर ओलीचा डाग, सगळं नजरेत भरून घेतेय. पाहणी करायची खोड पोराला कुठून लागली ते आत्ता कळलं. आणि मग तिच्या तोंडून ते निघून गेलं, ठरवून नाही, पण नकळतही नाही.

"ही आता रिकामीच होणार," ती गोड आवाजात म्हणाली. "इथं मी इस्त्रीचं टेबल ठेवणार आहे."

रोहिमानं तिच्याकडे पाहिलं. असं पाहिलं की हाजेरला आपल्याच गोड आवाजाची लाज वाटली. बाईचा चेहरा एकदम उतरला होता. ती हात न धुताच बाहेर जाऊन बसली. फिट्टंफाट झाली होती. तरी हाजेरला बरं वाटलं नाही.

बाहेर मकबूले तेसला सांधेदुखीवर औषध सांगत होती आणि तो दर वाक्याला मान हलवत होता. रोहिमा भावाशेजारी बसली आणि आपल्या भाषेत पुटपुटली. भावानं काठीवरचा हात घट्ट केला. त्युलिन कॉफी घेऊन आली. रिवाजाप्रमाणे नवऱ्या मुलाच्या कपात तिनं मीठ घातलं होतं, आणि जरा जास्तच घातलं होतं. स्लैमाननं एका दमात कप रिकामा केला, डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं, आणि म्हणाला, "छान झालीय." सगळे हसले. दोन्ही आया तेवढ्या हसल्या नाहीत.

तेस काठीवर भार देऊन उभा राहिला. त्याला उभं राहायची गरज नव्हती, पण तो राहिला, म्हणून दुर्सुनही उठला, टाय सारखा केला आणि घसा साफ केला. आता येणार, हाजेरनं मनात म्हटलं. अल्लाच्या हुकमानं आणि पैगंबरांच्या वचनानं तुमची मुलगी मागतो, हे वाक्य आता येणार.

"दुर्सुनभाऊ," तेस सावकाश म्हणाला, "आमच्या या मुलाला बाप नाही, म्हणून मी बोलतो. मुलगा चांगला आहे. निर्व्यसनी आहे. खातो कमी. आम्ही त्याला आणलाय. तुम्हाला द्यायला आलोय. तुमच्या घरात त्याला जागा द्या. आणि जागा नसेल," त्यानं बहिणीकडे एकदा पाहिलं, "तर तसं आत्ताच सांगा. आम्ही ताटं ठेवून परत जाऊ. मनात काही ठेवणार नाही."

दुर्सुनचं तोंड ‘दिली’ म्हणायला उघडलं होतं ते तसंच राहिलं.

"काय द्यायला आलात?" त्यानं विचारलं.

"मुलगा."

"मुलगी मागायला आलात ना?"

"मुलगी कशाला मागू? मुलगी तुमची. ती आईजवळच राहणार."

मकबूलेच्या हातातला चमचा खाली पडला. "घरजावई?" ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. "अगं बाई! दुर्सुन, घरजावई द्यायला आलेत रे! आपल्या गावात कुणाला कसा आहेस विचारलं तर ‘घरजावयापेक्षा बरा’ म्हणून सांगतात, आणि इथं..."

"आत्या!" त्युलिन ओरडली.

"बोलू दे त्यांना," रोहिमा म्हणाली. तिचं फ्रेंच हाजेरपेक्षा बरं होतं, पण आता ती अडखळत होती. "म्हणजे तुमच्यात मुलगा येत नाही?"

"आमच्यात मुलगी जाते," हाजेर म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "सासूच्या घरी. म्हणून तर ती खोकी भरली."

"खोकी तिची?"

"मग कुणाची? तिनं तुमच्या घरी न्यायची. आणि तुम्ही तर खोलीत मशीन..."

"कारण तो जाणार! तुमच्याकडे!" रोहिमानं दोन्ही हात छातीशी धरले. "मला वाटलं, यांनी खोली रिकामी करून इस्त्रीला दिली. माझं पोर नको यांना. यांचं तीन मजली घर, सोनं, लग्नाला चारशे माणसं. आणि आमच्याकडं मी आणि तेस. मला वाटलं, ज्यांच्यामागं कुणी नाही अशा घरातला मुलगा यांना हलका वाटला."

"हलका?" हाजेर म्हणाली. "अहो, आम्ही भाड्याच्या घरातली माणसं. मला वाटलं, तुम्हाला आमची मुलगी हलकी वाटली."

मग दुर्सुन पोरांकडे वळला. तो गवंड्यांच्या टोळीवर ओरडायचा तसा ओरडला.

"आणि तुम्ही दोघं? तीन वर्षं गुलुगुलु बोलत होतात, हे एवढं बोलायला वेळ नाही मिळाला?"

"बाबा, आम्ही भाड्यानं घर बघत होतो," त्युलिन म्हणाली. "मिळेना. मला वाटलं, नाहीच मिळालं तर लोन्यला जाईन."

"मला वाटलं, मी इकडं येईन," स्लैमान म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता तो. "विचारायची लाज वाटली."

"हजार घरांत जाऊन खोल्या विचारल्यास, तेव्हा नाही लाज वाटली?" मकबूले म्हणाली, आणि या वेळी रोहिमासुद्धा हसली. डोळे पुसत हसली.

हसणं ओसरलं तसा दुर्सुन खाली बसला. हाजेरनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं की गोष्ट अजून मिटलेली नाही. मुलगी घरात राहणार, या विचारानं तिच्या पोटात आनंद मावत नव्हता. पण नवऱ्याच्या मानेची शीर ताठ झाली होती.

"लोक हसतील," तो तुर्कीत तिला म्हणाला. "म्हणतील, दुर्सुनला जावई पाहिजे होता की भाडेकरू? आणि ठेवू कुठं त्याला? या खुराड्यात? याच पोरानं लिहिलंय, याला घर नाही म्हणून."

मकबूलेला व्यवहार कळतो. ती लगेच रोहिमाकडे वळली. "असं करा. तुमच्या चार खोल्या आहेत. दोघांना तिकडंच ठेवा. तुमचा मुलगा तुमच्याजवळ, आमचा रिवाज आमच्याजवळ. झालं."

म्हणजे मुलगी पुन्हा जाणार, हाजेरनं मनात म्हटलं. पण बोलणं रास्त होतं. तिनं मान खाली घातली.

"नको," रोहिमा म्हणाली.

"नको?"

"घर मोठं आहे, बाई. माणूस नाही त्यात." तिनं कॉफीचा कप बशीत नीट ठेवला. "आमच्यात आईचं घर मुलीचं असतं. मी ते घर घेतलं तेव्हा म्हणाले, माझ्या आमिनाचा नवरा इथं येईल. चार खोल्या त्यासाठी. तो तिला मॉन्ट्रियलला घेऊन गेला. चांगला आहे तो, सुखात आहेत. पण मी चार खोल्यांत दिवे लावून बसते. तिथं ही पोर येईल. दोघं कामावर गेली की मी एकटी, ती आली की मी आणि ती. सण आला की आम्ही तिघं आणि तेस. तुम्ही मागच्या ईदला किती माणसं होतात?"

"सतरा," त्युलिन म्हणाली. "या खोलीत."

"बघा. माझ्याही घरी पाहणीवाले आले होते. विचारलं, महिन्यातून नातेवाइकांकडे किती वेळा जाता? मी म्हटलं, साहेब, नातेवाईक कुठं आहेत ते तुम्हीच सांगा, मी रोज जाईन."

तेस काठीच्या मुठीकडे बघत होता.

"कंबोडियात कत्तली चालल्या त्या चार वर्षांत माझी आई गेली, तीन बहिणी गेल्या," रोहिमा पुढं म्हणाली. हे ती रडत सांगत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती, आणि त्यामुळं ते ऐकणं जास्त अवघड होतं. "मी आणि तेस चालत थायलंडच्या छावणीत पोचलो. तिथं माझं लग्न झालं. ताडपत्रीखाली. आमच्यात नवरा मुलगा ताटं घेऊन मुलीच्या आईच्या घरी जातो, पाय धुतो, आत येतो. माझ्या नवऱ्याला जायला घर नव्हतं. सासू नव्हती. तो मरेपर्यंत म्हणायचा, रोहिमा, मी कुणाच्या घरात शिरलोच नाही गं, मी अजून दाराबाहेरच उभा आहे. चेष्टेत म्हणायचा. म्हणून मी तुमची दारं उघडून बघत होते. माफ करा. माझं पोर कुठल्या खोलीत झोपणार, तेवढंच बघायचं होतं."

हाजेरला इस्त्रीचं टेबल आठवलं आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. ती काही बोलणार तेवढ्यात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मकबूलेनं बाजू बदलली.

"दुर्सुन," ती म्हणाली, "तुझ्या तीन मजल्यांत कोण राहतं?"

"अक्का, आत्ता नको."

"आत्ताच. कोण राहतं? कबुतरं राहतात. तळमजल्यावर चुलत्याची मेंढरं. वर्षातून तीन आठवडे तू जातोस आणि त्यातले दोन झाडण्यात जातात. घर पाहावं बांधून म्हणतात, बांधलंस. आता जिथं माणसं राहतात तेच घर म्हणायचं की नाही? लोक हसतील, हसू दे. मी चाळीस वर्षं सासूच्या घरात काढली. पहिल्या दिवशी तिनं मला दारात विचारलं होतं, हुंडा कुठाय? आत ये म्हणायला कुणी नव्हतं. या बाईनं आपला मुलगा आणून दारात उभा केलाय आणि तुला टायची पडलीय."

दुर्सुननं टाय सोडून टाकला. पण बोलला नाही. त्याच्याकडून शब्द निघणार नाही हे हाजेरला ठाऊक होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला नवऱ्याच्या गप्प बसण्याच्या जाती कळतात. ही नकाराची नव्हती. ही लाजेची होती. कुणीतरी त्याच्या आधी उडी मारायला हवी होती.

ती उठली. पदर नव्हता, पण डोक्यावरचा रुमाल तिनं पदर सावरावा तसा सावरला आणि रोहिमासमोर जाऊन उभी राहिली. मुलाकडच्या थोरल्या पुरुषानं म्हणायचं ते वाक्य तिनं आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. ते आपल्या तोंडी येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"अल्लाच्या हुकमानं आणि पैगंबरांच्या वचनानं," ती म्हणाली, "तुमचा मुलगा स्लैमान, आमच्या त्युलिनसाठी, मी मागते."

त्युलिननं तोंडावर हात ठेवला. स्लैमान उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

रोहिमानं आधी मुलाकडे पाहिलं. हाजेरला तिच्या चेहऱ्यावर आपलाच गेल्या महिन्याभराचा चेहरा दिसला. द्यायला आलेली असली, तरी द्यायची वेळ आली की हात मागं येतोच.

"दिला," रोहिमा शेवटी म्हणाली.

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कोण कुणाचं सांत्वन करतंय हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मकबूलेनं नारळाची वडी उचलून तेसच्या हातात दिली आणि दुसरी स्वतःच्या तोंडात टाकली.

सून आणणारी बाई मुलीच्या आईला सांगते, काळजी नको, माझ्या मुलीसारखी ठेवीन. जावई आणणारीनं काय सांगायचं असतं हे हाजेरला माहीत नव्हतं. तिनं आपलं सुचेल ते विचारलं.

"त्याच्या काही सवयी? खाण्यापिण्याच्या, झोपण्याच्या? सांगून ठेवा मला."

"तिखट खातो," रोहिमा म्हणाली. "दूध पचत नाही. चिडला तर बोलत नाही, जेवायला हाक मारली की येतो. आणि..." ती थांबली. मुलाकडे बघून तिनं आवाज खाली आणला, पण खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "लहानपणी मी झोपेत ओरडायचे. तिकडचं स्वप्नात यायचं मला. तेव्हापासून त्याला अंधारात झोप लागत नाही. मोठा झाला, पण पॅसेजमधला दिवा रात्रभर लागतो त्याला."

"आई!" स्लैमान म्हणाला.

"सांगायला हवं. उद्या घाबरशील, मी नसेन."

हाजेरनं दुर्सुनकडे पाहिलं. तीस वर्षं हा माणूस झोपायच्या आधी घरभर फिरून एकेक दिवा बंद करत आला होता. पोरं अभ्यास करत असली तरी ओरडायचा, वीज काय फुकट येते? या घरातली वाचवलेली एकेक पै गावाकडच्या विटेत गेली होती. ईदच्या रात्रीसुद्धा पॅसेजमध्ये दिवा राहिलेला हाजेरला आठवत नव्हता.

दुर्सुन उठला. जावयाजवळ गेला. त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, उंचीचा अंदाज चुकला म्हणून दंडावर ठेवला. सकाळपासून घोटलेला एक शब्द त्याच्याजवळ होता आणि तो आता कुणालाच नको होता.

"राहू दे," तो म्हणाला. "रात्रभर राहू दे चालू."